दह्याने हाडं बळकट होतात का?

गेल्या महिन्यात हा प्रश्न दुकानात पाच-सहा काकूंनी विचारला. पोटातल्या जिवाणूंचा आणि हाडांचा संबंध असतो, असं कुठंतरी वाचलेलं. दही आम्हीच विकतो, तेव्हा ‘हो’ म्हणणं सोयीचं. पण उत्तर तेवढं सरळ नाही.

पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडांची झीज वाढते. त्याचबरोबर आतड्याचं अस्तर सैल पडतं, अंगातला दाह वाढतो आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना जोर चढतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. स्वीडनमध्ये ७५ ते ८० वयाच्या, हाडं विरळ झालेल्या ९० स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्या जणींना वर्षभर ‘लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी’ नावाचा जिवाणू दिला, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनजिवाणूची पूड. २०१८ साली निकाल आला: जिवाणू घेणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाची झीज जवळपास निम्मीच होती. मात्र नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांना तोच जिवाणू दोन वर्षं दिला, तेव्हा काहीच फरक पडला नाही. तो निकाल २०२४चा.

आमचं विरजण घरचं, वर्षानुवर्षांचं. त्यात हा जिवाणू आहे असा आमचा दावा नाही. कुणी ‘हाडांचं दही’ म्हणून दुप्पट भावाने विकत असेल, तर डब्यावर जिवाणूचं नाव आहे का ते आधी बघा.

मग दही कशाला? कॅल्शियमसाठी. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. वाटीभर दह्यातून साधारण २०० मिळतं. बाकीचं कॅल्शियम दूध, नाचणी, तीळ यांतून काढायचं. कढी उकळली की जिवाणू मरतात, कॅल्शियम जात नाही. तेव्हा कढी खुशाल करा. आणि पोटातल्या जिवाणूंना खरं खाद्य लागतं ते चोथ्याचं. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी. यातलं काहीच आमच्याकडे मिळत नाही, मंडईत मिळेल.

एक गोष्ट मात्र जरूर लक्षात ठेवा. हाडांसाठी आठवड्याची गोळी (ॲलेन्ड्रोनेट) चालू असेल, तर ती सकाळी उपाशीपोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहा, दूध, ताकही घ्यायचं नाही; कॅल्शियममुळे ती गोळी अंगी लागत नाही. त्या दिवशी आमचं ताक जेवणातच घ्या.