विरळ हवेत जिद्दीचा हिशेब

मे महिन्यात विदर्भातील एखाद्या गावातून दहा-बारा तरुण-तरुणींचा गट हिमाचल प्रदेशातील सार खिंडीच्या पदभ्रमणाला निघतो, तेव्हा निरोप द्यायला आलेल्या बहुतेकांचे म्हणणे एकच असते, की 45 अंशांच्या उन्हात पऱ्हाट्या उपटणाऱ्या आणि वखर हाकणाऱ्या पोरांना डोंगराचे काय भय! या बोलण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. शेतीकामाने अंगी आलेली सोशिकता चढावर उपयोगी पडतेच. मात्र उंचीशी जुळवून घेण्याची शरीराची क्षमता ही निराळी गोष्ट असून, ती दंडाच्या बळावरून किंवा धावण्याच्या वेगावरून ओळखता येत नाही.

वर्धा-नागपूरचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण 250 ते 300 मीटर उंचीवर आहे. थंड हवेचे ठिकाण म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो ते चिखलदरासुद्धा सुमारे 1,100 मीटरांवरच आहे, त्यामुळे तेथील घाटात केलेला सराव पायांना तयार करतो, रक्ताला नाही. सार खिंड 4,200 मीटरांच्या आसपास आहे. तेथील हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण आपल्या गावाइतकेच, म्हणजे सुमारे 21 टक्के असते. पण हवेचा एकूण दाब समुद्रसपाटीच्या जवळपास 60 टक्क्यांवर आलेला असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांत जाणारा ऑक्सिजन त्याच हिशेबाने घटतो. कोरोनाच्या काळात आशाताईंनी घरोघरी फिरवलेले ऑक्सिमीटर आठवावे. त्यावर 94 च्या खाली आकडा दिसला की गावात धावपळ उडत असे, आणि येथे मात्र तंबूत शांत बसलेल्या, चांगल्या प्रकृतीच्या माणसाच्या बोटावरही 85 च्या आसपासचा आकडा दिसू शकतो.

ही तूट प्रथम लक्षात येते ती मानेतील मोठ्या धमन्यांजवळ असलेल्या सूक्ष्म संवेदक पेशींच्या, आणि त्यांच्या इशाऱ्यावरून श्वास जलद व खोल होतो. परंतु जास्त श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्त अल्कधर्मी बनते आणि मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासाला लगाम घालू पाहते. या ओढाताणीमुळे रात्री झोपेत काही क्षण श्वास थांबतो आणि मग धापेसरशी पुन्हा सुरू होतो. शेजारी झोपलेला सोबती घाबरतो, प्रत्यक्षात उंचीवर ही गोष्ट नेहमीची आहे. मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट हे अल्कधर्मी द्रव्य लघवीवाटे बाहेर टाकून दोन-तीन दिवसांत बराचसा समतोल साधतात. तांबड्या पेशींची खरी वाढ होण्यास आठवडे लागतात. त्याआधीच्या दिवसांत शरीर रक्तातील पाण्याचा अंश कमी करून उरलेले रक्त दाट करते. विदर्भातील उन्हाळ्याला सरावताना नेमके उलटे घडते. तेथे घामाची सोय व्हावी म्हणून रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. उन्हाने कमावलेले शरीर डोंगरावर आपोआप चालेल ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते.

या विषयातील एक महत्त्वाचा अभ्यास भारतातच झाला. 1962 च्या युद्धाच्या सुमारास सपाट प्रदेशातील हजारो सैनिकांना घाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले आणि त्यांच्यापैकी अनेक जण शत्रूची गोळी न लागताही आजारी पडले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 1,925 सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला शोधनिबंध 1969 मध्ये प्रसिद्ध केला. ही सर्व माणसे तरुण, निवडून घेतलेली आणि कसलेली होती आणि त्यांच्या जिद्दीबद्दल शंका घेण्याचे कारणच नव्हते. तरीही डोकेदुखी, मळमळ, अतोनात थकवा आणि काहींच्या बाबतीत फुप्फुसांत पाणी साचण्यापर्यंत गोष्ट गेली.

मग मनोवृत्तीला येथे काहीच स्थान नाही का? आहे, आणि ते पुष्कळांना वाटते त्याहून चमत्कारिक आहे. ट्यूरिन विद्यापीठातील फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांच्या गटाने आल्प्स पर्वतातील 3,500 मीटर उंचीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना नेण्यापूर्वी, त्यांच्यापैकी एकालाच उंचीवरील डोकेदुखीच्या धोक्याची माहिती दिली. ती बातमी तोंडोतोंडी पसरली. ज्यांच्या कानावर ती गेली होती, त्यांच्यात वर गेल्यावर डोकेदुखीचे प्रमाण बाकीच्यांपेक्षा जास्त आढळले. इतकेच नव्हे, तर वेदनेशी संबंधित प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्यही त्यांच्या लाळेत अधिक वाढलेले होते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून, गटातील एकाची धास्ती इतरांच्या शरीरातील रसायनांपर्यंत पोहोचू शकते असे दिसते. यावरून उंचीचा आजार म्हणजे मनाचे खेळ, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. ऑक्सिजनची तूट खरी असते आणि भीती त्या दुखण्यात भर घालते, एवढाच याचा अर्थ.

खरी अडचण पुढे आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा घेतो. त्यामुळे तूट पडली की विवेक मंदावतो, आणि ‘मला काही झालेले नाही, मी चालू शकतो’ हा निवाडा तोच अवयव देतो ज्याच्या कामात बिघाड झालेला असतो. मेंदूला सूज येऊ लागलेला माणूस कित्येकदा चिडचिडा आणि हट्टी बनतो. सोबती त्या हट्टाला जिद्द समजतात आणि त्याची पाठ थोपटतात. म्हणून लक्षणे आहेत की नाहीत हे ज्याचे त्याने एकट्याने ठरवू नये. सायंकाळी प्रत्येकाला एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचे बोट लावून सरळ रेषेत दहा-बारा पावले चालायला लावावे. तोल जात असेल, बोलणे असंबद्ध होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी त्या व्यक्तीला सोबत देऊन ताबडतोब खाली उतरवावे.

दिवसाच्या चालीबद्दल मला शंकरपट, म्हणजे आपल्याकडची बैलांची शर्यत, आठवते. पटाचा बैल काही क्षणांत सगळे बळ ओतून मोकळा होतो, वखराच्या बैलाला मात्र दिवस काढायचा असतो. विरळ हवेत वखराचीच चाल हवी, आणि तीही गटातील सर्वांत मंद चालणाऱ्याच्या मापाने. 3,000 मीटरांच्या वर मुक्कामाची उंची रोज साधारण 500 मीटरांपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहावे, असे वैद्यकीय संकेत आहेत. भूक मेलेली असताना जेवणे, थंडीत तंबूबाहेर पाण्यासाठी जाणे, पुढे निघून गेलेल्या मित्रांना पाहूनही आपली गती न वाढवणे, या कामांना पुष्कळ निर्धार लागतो. पण त्याची छायाचित्रे कोणी काढत नाही.

2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे आदिवासी विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ या मोहिमेत एव्हरेस्टवर गेले आणि त्यांच्यापैकी पाच जण शिखरावर पोहोचले. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. या यशाचे वर्णन आपल्याकडे बहुधा धाडसाच्या भाषेत होते, पण त्यामागे अनेक महिन्यांचे प्रशिक्षण आणि टप्प्याटप्प्याने शरीर सरावत नेण्याची शिस्त होती. जे मध्येच थांबले त्यांच्याविषयी लिहिले गेले ते फारच थोडे.

खिंड ओलांडून गट खाली येतो, तेव्हा ऑक्सिमीटरवरचा आकडा दर टप्प्याला चढत जातो आणि डोके दुखणारेही जेवणाची चौकशी करू लागतात. गावी परतल्यावर मात्र पहिले काही दिवस दुपारचे ऊन नेहमीपेक्षा जड वाटू शकते, कारण थंडीत काढलेल्या दिवसांत उन्हाचा सराव थोडा ओसरलेला असतो. अशा वेळी पहिले दोन-चार दिवस वखर सकाळीच हाकावा आणि दुपारी कडुनिंबाखाली बसावे.