उच्च रक्तदाब आणि जनुकीय वैविध्य

उच्च रक्तदाबाची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. एखाद्या लोकसमूहात माणसामाणसांत रक्तदाबाचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण ३० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा मानतात. मात्र हा आकडा समूहाच्या आतला आहे. दोन समूहांमधला फरक किती जनुकीय, हे त्यावरून काढता येत नाही, आणि नेमका इथेच घोळ होतो.

एकाच जनुकातल्या बिघाडाने रक्तदाब वाढणे विरळाच. ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेल्या विकारात मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांमधली सोडियमची वाट प्रमाणाबाहेर उघडी राहते. मीठ-पाणी रक्तात परत ओढले जाते, पोटॅशियम घटते आणि ऐन तरुणपणी बीपी चढतो. अमिलोराइडची गोळी तीच वाट अडवते. एरवी मामला इतका सरळ नसतो. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासानंतर रक्तदाबाशी निगडित जनुकीय स्थाने ९०० च्या घरात गेली. त्यांतल्या एकेकाचा परिणाम अगदी किरकोळ असतो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये उच्च रक्तदाब जास्त आढळतो. गुलामांच्या जहाजांवर शरीरात मीठ धरून ठेवणारेच तगले, म्हणून त्यांच्या वंशजांत तो वाढला, अशी एक उपपत्ती बरीच गाजली. इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी १९९२ मध्ये तिचा ऐतिहासिक आधारच खोडून काढला. रिचर्ड कूपर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांची तीन प्रदेशांत तुलना केली. उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ आणि अमेरिकेत ३३ टक्के निघाले. वंशमूळ एकच, पण वजन आणि आहारातले मीठ वेगळे. पुढे २००५ च्या तुलनेत तर जर्मनीतल्या गोऱ्यांचे प्रमाण अमेरिकी कृष्णवर्णीयांपेक्षाही जास्त भरले, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

समूहागणिक खरोखर वेगळे असणारे जनुकही आहेत. एपीओएल१ची दोन रूपे जवळजवळ फक्त आफ्रिकी वंशात सापडतात. त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या निद्रारोगाच्या परजीवीपासून ती संरक्षण देतात, पण आई आणि वडील दोघांकडूनही आल्यास मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका वाढवतात. हा संबंध २०१० मध्ये उघड झाला. पूर्वी 'बीपीमुळे मूत्रपिंड गेले' अशी नोंद झालेल्या अनेक रुग्णांत मूळ दुखणे मूत्रपिंडाचेच असावे, असे आता मानतात.

जनुकीय माहितीचे मोठे साठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. त्यावर बेतलेले जोखीम-गुणांक, म्हणजे जनुकांवरून आजाराचा धोका सांगणारे आकडे, भारतीयांना लावले की त्यांची अचूकता घसरते.