1954 चा गोजिरा आणि 1956 चा गॉडझिला: राक्षस एकच, पण पिक्चर दोन

जुना ब्लॅक अँड व्हाइट गॉडझिला बघितलाय असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, त्यात अमेरिकन रिपोर्टर होता का? होता, तर तुम्ही बघितलाय 1956 चा 'गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स', म्हणजे मूळ जपानी पिक्चर अमेरिकेत कापून, नवीन सीन जोडून केलेला. नव्हता, तर तो तोहो कंपनीचा 'गोजिरा', दिग्दर्शक इशिरो होंडा, 3 नोव्हेंबर 1954 ला रिलीज झालेला. दोन्हीत राक्षस तोच, टोकियोची राखरांगोळी तीच, त्यामुळे लोक एकच समजतात, पण दोन्ही बघून मनात जे उरतं ते फार वेगळं आहे.

आधी तारखा बघा. 1 मार्च 1954 ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, 15 मेगाटन, हिरोशिमाच्या साधारण हजारपट. जवळच्या समुद्रात जपानी मासेमारी बोट होती, दाइगो फुकुर्यू मारू, तिच्यावरच्या 23 खलाशांवर किरणोत्सारी राख पडली, सगळे आजारी पडले आणि त्यातला रेडिओ ऑपरेटर 23 सप्टेंबरला गेला. पिक्चर आला त्यानंतर दीड महिन्याच्या आत! गोजिराच्या सुरुवातीला जहाजावर खलाशी निवांत गाणं वाजवत बसलेत आणि अचानक समुद्रातून प्रखर उजेड येतो आणि जहाज पेट घेतं, हे थिएटरमधल्या माणसाला कोणी समजवायची गरजच नव्हती. होंडा स्वतः युद्धातून परत येताना हिरोशिमातून आलेला माणूस, तिथला विध्वंस त्याने डोळ्यांनी बघितलेला.

म्हणून त्यात छोटे छोटे सीन आहेत जे राक्षसापेक्षा जास्त लागतात. लोकल ट्रेनमध्ये एक बाई बोलता बोलता म्हणते की नागासाकीतून कशीबशी वाचले, आता हे. संसदेत भांडण होतं, एक पुढारी म्हणतो बातमी दाबा, परदेशाशी संबंध बिघडतील, आणि बायका उठून ओरडतात की लोकांना खरं सांगा. एक आई आगीत पोरांना कवटाळून म्हणते, आता आपण बाबांकडे जाऊ. मला तरी हा सीन दरवेळी जड जातो.

आता 1956 चा. टेरी मोर्सने नवीन सीन शूट केले, रेमंड बर हा नट रिपोर्टर स्टीव्ह मार्टिन झाला आणि जपानी पात्रांशी बोलताना दाखवायला त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या लोकांच्या पाठी कॅमेऱ्यात घेतल्या. एवढं घालूनसुद्धा पिक्चर 96 मिनिटांवरून 80 वर आला, म्हणजे किती कापलं असेल बघा. ट्रेनमधलं नागासाकी गेलं, संसदेतलं भांडण गेलं. हायड्रोजन बॉम्बमुळे हा प्राणी जागा झाला एवढं ठेवलंय, ते मान्य करायला हवं, पण ते एका शास्त्रज्ञाचं मत म्हणून येतं आणि पुढे सरकतं, ज्यांच्यावर ते गुदरलं त्यांच्या तोंडून येत नाही. सगळं बाहेरून आलेला माणूस बघतो आणि आपल्याला सांगतो.

शेवट तर सरळ उलटा केलाय. सेरिझावा या शास्त्रज्ञाने आपला ऑक्सिजन डिस्ट्रॉयर, म्हणजे पाण्यातले जीव मारून टाकणारं अस्त्र, वापरून राक्षसाला संपवलं आणि स्वतःचाही जीव दिला, शोध कोणाच्या हाती लागू नये म्हणून कागद आधीच जाळले, हे दोन्हीत आहे. पण मूळ पिक्चरमध्ये त्यानंतर म्हातारे शास्त्रज्ञ डॉ. यामाने म्हणतात की चाचण्या अशाच चालू राहिल्या तर जगात कुठेतरी असा दुसरा प्राणी येईल. अमेरिकन आवृत्तीत त्या जागी रिपोर्टर सांगतो की संकट टळलं, जग पुन्हा जगू शकेल. त्या काळच्या अमेरिकन पिक्चरची ही नेहमीची वाट, 1953 च्या 'द बीस्ट फ्रॉम 20,000 फॅदम्स'मध्ये तर अणुस्फोटाने जागा झालेला प्राणी शेवटी किरणोत्सारी आयसोटोपनेच मारतात.

तरी 1956 चा टाकाऊ नाही. रेमंड बर मनापासून काम करतो, जपानी माणसांना कुठे हलकं दाखवलेलं नाही, आणि जगभर गॉडझिला पोचला तो याच आवृत्तीमुळे, मूळ पिक्चर अमेरिकेत थिएटरमध्ये नीट लागायला 2004 उजाडलं. पण बघायचा असेल तर आधी 1954 चाच बघा, सबटायटल्ससह, आणि लावण्याआधी लांबी तपासा, 80 मिनिटं दिसली तर तो दुसरा आहे.