मूल असं का वागतं? सकारात्मक वर्तन आधाराची पार्श्वभूमी

विशेष शिक्षणाच्या वर्गात एखादं मूल वही फाडतं, टेबलाखाली शिरतं किंवा स्वतःच्याच हाताला चावतं. जाणती शिक्षिका त्याला इजा होणार नाही एवढं आधी बघते आणि मग तीन गोष्टी टिपून ठेवते: याच्या आधी काय घडलं, मुलानं नेमकं काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा कशातून त्याची सुटका झाली. आज ही नोंद नेहमीची वाटते. पण ती वर्गात पोचेपर्यंत कितीतरी मुलांनी फार सोसलं आहे.

वागण्यामागचं कारण शोधून, शिक्षेऐवजी मुलाला योग्य पर्याय शिकवणं म्हणजे सकारात्मक वर्तन आधार. या पद्धतीचं मूळ वर्तनवादात, म्हणजे दिसणाऱ्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रीय विचारात आहे. ज्या कृतीनंतर हवं ते मिळतं ती कृती पुन्हा घडते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी हे तत्त्व मुलांना शिकवण्यासाठी वापरलं. ‘यांना काही शिकवता येणार नाही’ असं म्हणून सोडून दिलेली मुलं त्यातून बोलायला, स्वतःच्या हातानं जेवायला शिकली. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच काळात, त्याच शास्त्राच्या नावाखाली, मुलांना चापट्या मारल्या गेल्या आणि विजेचे झटकेही दिले गेले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ ओ. इव्हार लोव्हास स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवर असे उपाय करत होते आणि १९६५मध्ये ‘लाइफ’ मासिकानं त्याची छायाचित्रं छापली. मूल स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून घेत असेल तर एक झटका देऊन ते थांबवणं बरं, असा युक्तिवाद तेव्हा केला जाई. ते आपटणं सुरू कशामुळे होतं, याचा शोध मात्र फारसा घेतला जात नव्हता.

बाहेर जग बदलत होतं. अपंग व्यक्तींना इतरांसारखंच साधं, रोजचं आयुष्य जगता आलं पाहिजे, हा विचार स्वीडनमध्ये बेंग्ट निर्ये यांनी मांडला. १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या विलोब्रुक या बौद्धिक अपंगांसाठीच्या निवासी संस्थेतल्या मुलांचे हाल टीव्हीवर दिसले. १९७५च्या अमेरिकी कायद्यानं अपंग मुलांना सरकारी शाळेचं दार उघडलं. त्याआधी सुमारे दहा लाख मुलं शाळेबाहेरच होती, असं त्या कायद्यातच नोंदवलेलं आहे.

खरं वळण आलं ते संशोधनातून. १९७७मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार यांनी स्वतःला इजा करून घेण्यामागच्या संभाव्य कारणांची मांडणी केली. १९८२मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी ती कारणं प्रत्यक्ष तपासली. नऊ जणांना त्यांनी वेगवेगळ्या परिस्थितींत पाहिलं: इजा केल्यावर कुणीतरी काळजीनं लक्ष देतं, अवघड काम समोर असतं, मूल एकटं असतं, किंवा निवांत खेळत असतं. नऊपैकी सहा जणांत इजेचं प्रमाण एका विशिष्ट परिस्थितीतच सातत्यानं जास्त दिसलं. म्हणजे बाहेरून अगदी सारखं दिसणारं वागणं एका मुलासाठी ‘माझ्याकडे बघा’ असू शकतं आणि दुसऱ्यासाठी ‘हे काम नको’. दोघांना एकच उपाय लावला, तर एकाचा त्रास वाढणारच. काम टाळू पाहणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभं करणं ही त्याच्या दृष्टीनं शिक्षा नसतेच, त्याला हवं होतं तेच मिळालेलं असतं.

१९८५मध्ये कार आणि मार्क ड्युरँड यांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि मला या सगळ्या इतिहासात तेच सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी चार मुलांना वाक्यं शिकवली. लक्ष हवं असणाऱ्यानं विचारायचं, ‘मी चांगलं काम करतोय ना?’ काम जड जाणाऱ्यानं सांगायचं, ‘मला समजत नाही.’ गरजेला जुळणारं वाक्य मिळालं तेव्हा त्रासदायक वागणं कमी झालं. न जुळणारं शिकवलं तेव्हा झालं नाही. आज वर्गात ‘थोडी विश्रांती हवी’ असं सांगणारं चित्रकार्ड मुलाच्या हाती दिलं जातं, त्यामागे हाच विचार आहे.

१९९०मध्ये रॉबर्ट हॉर्नर आणि सहकाऱ्यांनी वेदना न देणाऱ्या वर्तन आधाराची मांडणी केली. तिच्यात मुलाचा मान आणि त्याचं एकूण आयुष्य यांना मध्यभागी जागा होती. अमेरिकेच्या त्याच १९७५च्या कायद्यात १९९७मध्ये झालेल्या दुरुस्तीनं हे कायद्यात आलं: मुलाच्या वागण्यानं शिकण्यात अडथळा येत असेल, तर त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करणाऱ्यांनी सकारात्मक उपायांचा विचार करायचा. पुढे ही पद्धत संपूर्ण शाळेसाठीही वापरली जाऊ लागली. त्यात ‘का?’ हा प्रश्न अनेकदा गळून पडतो आणि नुसते तारे-स्टिकर उरतात, याची मला खंत वाटते.

जुनी पद्धतही पुरती गेलेली नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका निवासी केंद्रात झटक्याचं यंत्र या शतकातही वापरात होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२०मध्ये त्यावर बंदी घातली, २०२१मध्ये न्यायालयानं ती रद्द केली आणि २०२२च्या अखेरीस अशी बंदी घालता यावी म्हणून संसदेला कायदाच बदलावा लागला.