बक्षिसी

सेवा देणाऱ्या व्यक्तीस ठरलेल्या मोबदल्याव्यतिरिक्त दिली जाणारी रक्कम.

या प्रथेचा उगम सामान्यतः सतराव्या शतकाच्या आसपासच्या इंग्लंडमध्ये, श्रीमंतांकडे मुक्कामास आलेले पाहुणे निघताना घरच्या नोकरांना जे पैसे देत, त्यांत शोधला जातो. अमेरिकेत ती कशी रुजली याविषयी मतभेद आहेत. यादवी युद्धाच्या (१८६१–६५) सुमारास युरोपातून परतलेल्या धनिकांनी ती आणली, असे एक मत आहे. तर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना रेल्वेच्या शयनडब्यांत व उपाहारगृहांत नाममात्र वेतनावर राबवणे मालकांना तिच्यामुळे शक्य झाले, असे दुसरे. पहिल्याने प्रथेचा केवळ प्रवेश उलगडतो, दुसऱ्याने तिचे टिकणेही. म्हणून दुसरे अधिक ग्राह्य वाटते. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये बक्षिसीवर बंदी घातली, पण निरनिराळ्या राज्यांतील असे कायदे १९२६ पर्यंत मागे घेतले गेले. पुढे १९६६ मध्ये मालकाला बक्षिसी किमान वेतनात धरण्याची मुभा मिळाली. बक्षिसी मिळणाऱ्या कामगारांना मालकाने द्यावयाचे संघराज्यीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच आहे, त्यामुळे तेथे बिलाच्या १५ ते २० टक्के रक्कम ठेवणे जवळपास बंधनकारक मानले जाते. फ्रान्समध्ये सेवेचे मूल्य दरातच धरलेले असते. जपानमध्ये बक्षिसी देण्याचा प्रघात नाही; पारंपरिक विश्रामगृहात क्वचित पाकिटातून दिली जाते.

पुण्यात उपाहारगृहातील बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे ठेवले जातात. अमृततुल्यात तशी अपेक्षा नसते. मात्र येथील खरी बक्षिसी वार्षिक आहे. पोस्टमन, सफाई कामगार, सोसायटीचा वॉचमन यांना दिवाळीत पोस्त दिली जाते. पोस्तीचा संबंध बलुतेदारांना सणावारी मिळणाऱ्या वाट्याशी जोडता येतो. तथापि बलुते हा हक्क होता, पोस्त देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हा भेद दुर्लक्षिता येत नाही. एका पगाराइतका दिवाळी बोनस मिळावा, ही मोलकरणींच्या संघटनांची मागणी त्या हक्काच्याच दिशेने जाणारी आणि सर्वथा रास्त आहे.

सेवाशुल्क बक्षिसीहून वेगळे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ते बिलात आपोआप लावण्यास मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या मार्गदर्शक सूचना उचलून धरल्या. ग्राहकाने ठेवलेली बक्षिसी पूर्णपणे वेटरांच्या हाती पडावी, असे बंधन मात्र या सूचनांत नाही. ब्रिटनमध्ये तशा आशयाचा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे.