लवचिकपणा स्नायूत किती, मेंदूत किती?

पाय लांब करून जमिनीवर बसायचं, गुडघे न वाकवता पुढे झुकायचं आणि हातांनी पायांचे अंगठे धरायचे. शाळेत पी.टी.च्या तासाला हे सगळ्यांनी केलेलं असतं. चाळिशीत पुन्हा करून पाहिलं तर बहुतेकांचे हात नडगीपाशीच थांबतात, गुडघ्यामागे कळ येते आणि 'शिरा आखडल्यात' असं म्हणून माणूस उठतो. तोच माणूस रोज थोडा थोडा ताण देत राहिला तर महिन्याभरात हात घोट्याशी पोचतात. एवढ्या दिवसांत शरीरात नेमकं काय बदललं? स्नायू लांब झाला, असंच आपण धरून चालतो. प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा मात्र वेगळंच निघालं.

वाकताना अडतं ते मांडीच्या मागच्या बाजूला. तिथल्या स्नायूंना हॅमस्ट्रिंग म्हणतात. आपण ज्या हाडावर बसतो तिथून ते निघतात आणि गुडघ्याच्या थोडं खाली चिकटतात, म्हणजे खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवरून जातात. म्हणून पाय सरळ ठेवून वाकलं की ते दोन्ही टोकांनी ओढले जातात आणि गुडघा जरासा दुमडला की लगेच मोकळं वाटतं. या स्नायूंच्या प्रत्येक तंतूत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म खण एकापुढे एक जोडलेले असतात. एका खणाची लांबी मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाइतकी. खणाच्या आत टायटिन नावाचं प्रथिन स्प्रिंगसारखं काम करतं. माणसाच्या शरीरातल्या प्रथिनांत ते सर्वांत मोठं. ताण वाढला की टायटिन उलगडतं, सोडला की पुन्हा आक्रसतं. स्नायूभोवतीची कोलॅजेन या चिवट प्रथिनाची वेष्टणंही ताणाला विरोध करतात.

पण स्नायू नुसता ओढला जात नाही, आपण किती ओढले जातोय याची खबरही तो सतत देत असतो. तंतूंच्या मधे स्पिंडल नावाचे बारीक संवेदक असतात. स्नायू एकदम ताणला गेला की त्यांचा संदेश मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच परत हुकूम येतो, आकुंचन पाव. डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, ती हीच प्रतिक्षिप्त क्रिया. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन आणि लिडेल यांनी १९२४ मध्ये तिचं तपशीलवार वर्णन केलं. गचके देत वाकण्यात गडबड आहे ती इथेच. 'एक, दोन, तीन, चार' च्या ठेक्यावर वर-खाली वाकताना जो स्नायू सैल पडायला हवा, त्यालाच आपण प्रत्येक गचक्याला आवळायला लावतो. मागे कुणी उभं राहून पाठ दाबत असेल तर आणखीच. शाळाशाळांतून हा प्रकार चालताना मी पाहिला आहे आणि तो बंद व्हावा असं मला मनापासून वाटतं.

सावकाश ताणलं तर स्पिंडल फारसे खवळत नाहीत. मग दुसरीच गंमत सुरू होते. वाकून जिथे ओढ जाणवते तिथे थांबा. श्वास सोडा, अजून पुढे जाऊ नका. वीसेक सेकंदांनी तीच ओढ सौम्य झालेली जाणवेल. ताणून धरलेली कणीक जशी हळूहळू हाताला कमी खेचू लागते, तसंच स्नायूचं होतं. कोपनहेगनमध्ये पीटर मॅग्नुसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे यंत्रावर मोजलं. दीड मिनिट धरून ठेवलेल्या ताणात स्नायूचा विरोध जवळपास तिसऱ्या हिश्शाने उतरला. मात्र तासाभरात तो पूर्वपदावर आला. म्हणजे त्या दिवशी मिळालेला सैलपणा त्या दिवसापुरताच. महिन्याभराची प्रगती यातून होत नाही.

मग ती कशातून होते? १९९६ मध्ये याच गटाने एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या एकाच पायाला तीन आठवडे, दिवसातून दोनदा ताण दिला. दुसरा पाय तुलनेसाठी तसाच ठेवला. शेवटी दोन तऱ्हांनी मोजलं. आधी ठरलेल्या एकाच कोनापर्यंत पाय नेला आणि स्नायू किती विरोध करतो ते पाहिलं. तो मुळीच घटला नव्हता, म्हणजे स्नायू होता तितकाच ताठ होता. मग सहभागी व्यक्तीला सहन होईल तिथपर्यंत पाय नेला. आता मात्र रोज ताण दिलेला पाय पूर्वीपेक्षा बराच पुढे गेला आणि स्नायूवर येणारी ओढही पूर्वीपेक्षा जास्त होती. बदललं होतं ते सोसणं. जी ओढ तीन आठवड्यांपूर्वी 'बस, पुरे' असं म्हणायला लावत होती, ती आता मेंदूला धोक्याची वाटत नव्हती.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरही याला पुष्टी मिळते. भूल दिल्यावर त्याच माणसाचा पाय आधीपेक्षा जास्त सरळ होतो. स्नायू तोच, सांधा तोच, फक्त पहारा उठलेला असतो.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातून पद्धत ठरते. मज्जासंस्थेला 'इथपर्यंत यायला हरकत नाही' हे पटवून द्यायचं असेल तर दुखवून चालणार नाही. दात-ओठ खाऊन आठवड्यातून एकदा अर्धा तास ओढाओढ करण्यापेक्षा रोज दोन मिनिटं सुखाने थांबणं जास्त कामाचं. पतंजलींनी आसनाचं लक्षण 'स्थिरसुखम्' असं सांगितलं आहे. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, विटा, दोर यांचा इतका वापर केला त्याचं मोलही इथेच कळतं. हात पोचत नसतील तर तळव्यांना पट्टा लावून त्याची टोकं धरायची. पाठ सरळ राहते, ओढ बेताची राहते आणि माणूस त्या स्थितीत निवांत थांबू शकतो.

याचा अर्थ स्नायू कधीच बदलत नाही असा नाही. १९७२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मांजरांच्या पोटरीचा स्नायू प्लास्टरमध्ये जखडून पाहिला. आखूड स्थितीत जखडलेल्या स्नायूतले सुमारे ४० टक्के सार्कोमिअर कमी झाले. ताणलेल्या स्थितीत जखडलेल्या स्नायूत ते सुमारे पाचव्या हिश्शाने वाढले. अर्थात ते रात्रंदिवस प्लास्टरमध्ये होते, आपण काही मिनिटं ताण देतो. पण या प्रयोगातली आखूड स्थितीची बाजू आपण जरूर लक्षात ठेवावी. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत गुडघे दुमडून बसणाऱ्याने अधूनमधून उठून पाय सरळ करायला हवेत, ते यासाठीच.

किती वेळ थांबायचं, याचंही बऱ्यापैकी नेमकं उत्तर आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये बँडी आणि आयरिअन यांनी हॅमस्ट्रिंग आखडलेल्या लोकांना आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे ताण द्यायला लावला. काहींनी १५ सेकंद धरला, काहींनी ३०, काहींनी ६०. पंधरावाले मागे पडले. तीस आणि साठ यांत मात्र फरक दिसला नाही. तेव्हा तीस सेकंद धरून चालावं, घड्याळ लावून, कारण मनातल्या मनात मोजलेले तीस बहुधा पंधरातच संपतात. वय जास्त असेल तर मिनिटभर थांबावं. आधी पाच मिनिटं चालून अंग गरम करावं, हे सांगायलाच नको.

ताणाच्या नावावर खपणाऱ्या काही गोष्टी मात्र सोडून द्यायला हव्यात. व्यायामाआधी ताण दिला की दुखापत टळते, ही समजूत ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १५३८ नव्या जवानांवर तपासली गेली. २००० साली आलेल्या निष्कर्षांत ताण देणाऱ्या आणि न देणाऱ्या तुकड्यांच्या पायांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, तेही ताण दिल्याने फारसं कमी होत नाही. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर १०० गुणांच्या पट्टीवर फायदा एखाद्या गुणाचा निघतो. उलट धावण्या-उड्या मारण्याच्या ऐन आधी एकेका स्नायूला मिनिटाहून जास्त ताण धरला तर त्याची ताकद थोडा वेळ उतरते. म्हणून कबड्डीच्या मैदानावर उतरण्यापूर्वी पाय झुलवणं, हलकं धावणं बरं. लांब ताण खेळ संपल्यावर.

पाठदुखीचं मात्र तसं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २२८ जणांना घेऊन केलेली एक चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांना जुनं कंबरदुखणं. काहींना योगवर्गात घातलं, काहींना साध्या स्ट्रेचिंगच्या वर्गात, बाकीच्यांना स्वतःची काळजी कशी घ्यावी याचं पुस्तक दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही वर्गांतले लोक पुस्तकवाल्यांपेक्षा बरे होते आणि योग व साधं स्ट्रेचिंग यांत फरक नव्हता. योगप्रेमींना हे रुचणार नाही कदाचित. पण आसनांना मोजमाप लावण्याची सुरुवात आपल्याच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था उभारून केली होती. त्या परंपरेला हे धरूनच आहे.

घरी करताना एक फरक ओळखायला शिका. वाकलेल्या स्थितीत पायाची बोटं स्वतःकडे ओढा. मागची ओढ एकदम वाढते. हॅमस्ट्रिंग तर घोट्यापर्यंत जातच नाही. वाढलेली ओढ पोटरीची असते आणि कंबरेपासून पायात उतरणाऱ्या सायटिक नर्व्ह या जाड मज्जातंतूचीही. स्नायूची ओढ जाडसर, पसरलेली असते. मुंग्या, वीज चमकल्यासारखी कळ किंवा बधिरपणा आला तर ती नर्व्ह आहे. तिला ओढत बसू नये, लगेच मागे यावं. पायात मुंग्या वारंवार येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवावं. ज्यांचे सांधे मुळातच अति सैल आहेत, मनगट दुमडलं की अंगठा हाताच्या आतल्या बाजूला टेकतो, त्यांनी ताणाऐवजी ताकदीच्या व्यायामाकडे लक्ष द्यावं.

मधुमेह असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती कोलॅजेनला चिकटते आणि ते कडक होतं. अशा काही रुग्णांचे दोन्ही तळवे नमस्कारात पूर्ण जुळत नाहीत, बोटांच्या मधे फट राहते. खांदा जखडण्याचं प्रमाणही मधुमेहींत जास्त असतं. आज हात जोडून एकदा पाहा. फट दिसली तर साखर तपासून घ्या, डॉक्टरांना सांगा आणि फिजिओथेरपिस्टकडून बोटांचे व खांद्याचे ताण शिकून घ्या.