पेन क्लिनिकला पहिल्यांदा येताय? आधी घरातली गोळ्यांची पिशवी उचला

मागे आमच्या पेन क्लिनिकला, म्हणजे जुनाट दुखण्यावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात, जतकडचे एक काका आले होते, पहाटेची एसटी पकडून, सोबत मुलगा कामावर सुट्टी टाकून आलेला. कंबरेतून पायात कळ जायची, चार पावलं चाललं की बसावं लागायचं. आधीच्या भेटीत तपासणी झालेली, एमआरआय बघून झालेला, त्या दिवशी मणक्यातलं इंजेक्शन ठरलेलं. टेबलवर झोपले आणि सिस्टरशी बोलता बोलता म्हणाले, दोन वर्षांपूर्वी हृदयात स्प्रिंग टाकलीय ना, त्याची एक लहान गोळी चालू आहे. पहिल्या भेटीत विचारलं तेव्हा "फक्त बीपीची गोळी" असं सांगितलं होतं. इंजेक्शन तिथंच थांबवलं. काका नाराज, मुलगा त्याहून नाराज, आणि आम्हालाही वाईट वाटलं कारण त्यांना खरंच खूप दुखत होतं.

हे एकदा नाही, सारखं होतं म्हणून लिहितोय. ती लहान गोळी रक्त पातळ करणारी असते. मणक्याच्या पोकळीत सुई गेल्यावर कधी एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावते, एरवी ते रक्त आपोआप थांबतं, पण या गोळ्या चालू असल्या तर तिथं रक्त साचून नसांवर दाब येऊ शकतो आणि पाय लुळे पडण्यापर्यंत वेळ जाते. क्वचित होतं, पण झालं तर फार महागात पडतं, म्हणून तिथं आम्ही कुणाचंच ऐकत नाही.

आता याच्या उलट चूक तर अजून वाईट. काहीजण शेजाऱ्याचं ऐकून स्वतःच ती गोळी आठ दिवस बंद करून येतात. असं कृपा करून करू नका, स्प्रिंगमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. कुठली गोळी किती दिवस थांबवायची, किंवा थांबवायची की नाहीच, हे तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी आम्ही स्वतः फोनवर बोलून ठरवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल असेल तर साधारण ५ ते ७ दिवस लागतात, ॲसिट्रॉमसारखी असेल तर थांबवून वर रक्ताची तपासणीही करावी लागते, आणि स्नायूतल्या साध्या इंजेक्शनला बऱ्याचदा काहीच थांबवावं लागत नाही. म्हणजे गोळी आधी कळली तर तारीख नीट देता येते, आयत्या वेळी कळली तर तुमचा हेलपाटा.

आणि नुसतं "हृदयाची आहे का" विचारून भागत नाही. बरेच लोक जिला कोलेस्टेरॉलची कॅप्सूल म्हणतात तिच्यातच रक्त पातळ करणारं ॲस्पिरिन असतं, कधी क्लोपिडोग्रेलसुद्धा. म्हणून तोंडी सांगू नका, "पांढरी गोल सकाळची" यावरून आम्हाला काही कळत नाही, सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून आणा. शुगरच्या, थायरॉइडच्या, झोपेच्या, सगळ्या. सांधेदुखीसाठी कुणाकडून आणलेल्या पुड्या असतील तर त्यापण आणा, लाजू नका, आम्ही रागावत नाही. अशा काही पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर माणूस आजारी पडतो. शुगर असेल तर मुद्दाम सांगा, आमच्या इंजेक्शनमध्ये थोडं स्टिरॉइड असतं तेव्हा पुढचे काही दिवस शुगर वाढते.

एमआरआयचा कागद आणता तसं फिल्म किंवा सीडीपण आणा. जुना असला तरी आणा, लगेच नवीन काढून येऊ नका, गरज वाटली तर आम्हीच सांगू. रिपोर्टमध्ये "गादी सरकलीय" वाचून घाबरून जाऊ नका. २०१५ साली छापलेल्या एका मोठ्या आढाव्यात पन्नाशीच्या, अजिबात न दुखणाऱ्या लोकांतही ६० टक्के जणांत फुगलेली गादी दिसली होती. म्हणूनच आम्ही फिल्म बघायच्या आधी तुम्हाला चालायला, वाकायला लावतो, पहिल्या भेटीला अर्धा पाऊण तास देतो, आणि म्हणूनच बाहेर थोडं थांबावं लागतं. पहिल्याच दिवशी इंजेक्शन आम्ही सहसा देत नाही. लांबून आलेल्यांना ते पटत नाही, पण काहींना नुसत्या औषधावर आणि व्यायामावर आराम पडतो, मग सुई कशाला टोचायची?

"तुम्ही तर भूल देणारे डॉक्टर, कंबर कशी बघणार?" हेही विचारतात. पेन क्लिनिकची कल्पनाच भूलतज्ज्ञांकडून आली. जॉन बोनिका नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचं दुखणं जवळून बघितलं आणि १९५३ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. नस नेमकी कुठून जाते आणि तिथं सुई कशी पोचवायची हे आमचं रोजचं काम आहे, तेपण सी-आर्म मशीनवर, म्हणजे चालू एक्स-रेवर बघत, अंदाजाने नाही. याच मशीनमुळे, दिवस गेलेले असतील किंवा शंका असेल तर आधी सांगा.

एक गोष्ट मात्र अपॉइंटमेंटची वाट बघण्यासारखी नाही. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिर झालं, पायातली ताकद एकदम कमी झाली, किंवा पाठदुखीबरोबर ताप असेल तर सरळ मोठ्या हॉस्पिटलला जा. छातीत दुखून हातात कळ येत असेल तरी तेच.

पहिल्या भेटीला उपाशी येऊ नका, नाश्ता करून या. येताना पेनकिलर घेतली असेल तर किती वाजता घेतली ते लक्षात ठेवा. आणि पिशवी घरी राहिलीच तर परत फिरू नका, घरच्यांना सांगून स्ट्रिपचे फोटो मोबाईलवर मागवा, गोळ्या दिसतात ती बाजू नको, नाव छापलेली चंदेरी बाजू.